मस्कतमधले नऊ तास

उमऱ्याच्या टूरचे पत्रक हातात आले की आपल्या घरांत आधी तीन गोष्टी पाहिल्या जातात. रक्कम किती, मक्केतले हॉटेल हरमपासून किती मीटरवर, आणि जेवण आपल्या चवीचे मिळणार का. चौथी गोष्ट बहुधा तळाशी बारीक अक्षरांत असते: ‘व्हाया मस्कत’, ‘व्हाया कुवेत’, ‘व्हाया शारजा’. त्या ‘व्हाया’पाशी कोणी थांबत नाही. मिरजेत गाडी जरा जास्त थांबते, तसेच काहीतरी असेल असे वाटते.

मुंबईहून थेट विमानाने जेद्दा साडेपाच तासांच्या आसपास आहे. वाटेत विमान बदलायचे असेल तर तिकीट बहुतेक वेळा स्वस्त पडते, आणि माणशी काही हजारांचा फरक चार जणांच्या कुटुंबाला लहान नसतो. स्वस्त तिकीट घेणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. आमच्या पलूस भागातून जाणारे बहुतेक जण दहा-दहा वर्षे बाजूला टाकलेल्या पैशांवर जातात. माझे म्हणणे एवढेच की त्या एका शब्दामागे किती तास दडले आहेत ते टूरवाल्याला विचारावे, आणि जाणाऱ्या वडीलधाऱ्यांना ते घरातच सांगावे. तिकीट मुले काढतात, तास आई-वडील काढतात.

दिवाळीच्या सुट्टीत गेलेल्या आमच्याच गटाचा हिशेब मांडते. माणसे अठ्ठावीस, पलूस, कुंडल, भिलवडी, तासगावची. रात्री अकराला पलूसहून बस निघाली. सकाळी मुंबई. विमान दुपारी चारचे. मस्कतला उतरलो तेव्हा तिथे सव्वापाच वाजले होते. पुढचे विमान रात्री सव्वादोनला. जेद्दाला पहाटे साडेचार, तिथली तपासणी, बस, आणि मक्केतल्या हॉटेलात सकाळी नऊ. घड्याळातले फरक धरून मोजले तर घराच्या उंबऱ्यापासून हॉटेलच्या दारापर्यंत साडेछत्तीस तास. त्यातले हवेत सहा. उरलेले बसमध्ये, रांगेत आणि खुर्चीवर. सगळ्यांत लांब तुकडा मस्कतच्या विमानतळावरचा, नऊ तासांचा.

थांबणे आपल्या लोकांना नवीन नाही. कारखान्याच्या काट्यावर उसाची गाडी घेऊन रात्र काढलेली माणसे आमच्या गटात होती. किर्लोस्करवाडी स्टेशनवर महालक्ष्मी एक्सप्रेसची वाट पाहत पोरांना मांडीवर झोपवलेल्या बायका होत्या. पण काट्यावर आपल्या पुढे किती गाड्या आहेत ते दिसते. स्टेशनवर चहावाला सांगतो की गाडी कराडातून सुटली. विमानतळावर सगळे झगझगीत, थंड, आणि सांगणारे कोणी नाही. मुंबईसह अनेक विमानतळांवर आता प्रत्येक विमानाची घोषणा भोंग्यावर होत नाही, ज्याने त्याने पडद्यावर पाहायचे. ज्याला पडदा वाचता येत नाही त्याला नऊ तास नऊ दिवसांसारखे होतात. त्रास वाट पाहण्याचा कमी आणि न कळण्याचा जास्त असतो.

पहिला गोंधळ घड्याळाचा झाला. मस्कतचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, सौदीचे अडीच तास मागे. मोबाईलने आपली वेळ बदलून घेतली, मनगटावरच्या घड्याळाने नाही. आमचे एक चाचा मनगटाकडे बघून, “मगरिब गेली की!” म्हणत उठले. मगरिब गेली नव्हती, नुकती होत होती. नमाज तिथल्या सूर्यावर, हे त्यांना माहीत होते. पण शरीर अजून पलूसच्या वेळेवर चालले होते. गोळ्यांचेही तसेच. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन नव्या घड्याळाप्रमाणे कसे घ्यायचे हे निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यावे, आणि औषधे चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत ठेवावीत. मोठी बॅग मुंबईत दिली की थेट जेद्दालाच दिसते.

नमाजच्या खोलीत मगरिब झाली. आमच्या शेजारी रत्नागिरीकडचे एक कुटुंब होते. त्यांनी मगरिबची तीन फर्ज पढून लगेच इशाची दोन पढली. आमच्या दोघी-तिघी एकमेकींकडे बघू लागल्या. कोकणातले आपले भाऊ बहुतेक शाफई आहेत. त्यांच्याकडे सफरमध्ये दोन नमाजा एकत्र करता येतात. आम्ही हनफी, आम्ही इशाला पुन्हा आलो आणि चारऐवजी दोन फर्ज पढलो. सुमारे ७७ किलोमीटरच्या पलीकडे जायला निघून गावाची हद्द ओलांडली की माणूस मुसाफिर होतो, म्हणजे ही सवलत आम्हाला पलूसच्या वेशीबाहेरच लागू झाली होती. मुक्कामी इमामाच्या मागे मात्र पूर्ण चार. एका गटातल्या लोकांना हे घरी माहीत असते, पण दुसरा वेगळे करताना दिसला की आपलेच चुकले असे वाटते. त्या संध्याकाळी त्या कोकणी ताईंनी आणि मी मिळून दोन्ही बाजूंच्या बायकांना समजावले, आणि जाताना त्यांनी काजू दिले, आम्ही बेदाणे. पलूस-तासगावचा बेदाणा सोबत असला की परक्या मुलखात ओळख करून द्यावी लागत नाही. पुढच्या दोन तासांत आमचा डबा सुदानच्या एका आजोबांपर्यंत पोहोचला होता.

मुख्य प्रश्न इहरामचा. भारतातून जाणाऱ्यांची मीकात म्हणून आपण यलमलमचे नाव ऐकत आलो. आखातातून जाणारे विमान बहुधा कर्नुल मनाजिलच्या बाजूने जाते. नाव कोणतेही असो, जेद्दाला उतरण्याआधी मीकात ओलांडली जाते, म्हणून इहराम आणि नियत त्याआधी हवी. पण किती आधी? आमच्यातले काही जण मुंबईतच चादरी बांधून, नियत करून, तलबिया म्हणत विमानात बसले. सवाब त्यांचा त्यांना मिळो. पण नियत झाली की बंधने सुरू होतात. पुरुषाचे डोके उघडे, अंगावर शिवलेले काही नाही, सुगंध नाही. आता विमानात वाटतात तो ओला रुमाल सुगंधी असतो. विमानतळाच्या नळाजवळचा साबण सुगंधी असतो. आणि थंडी अशी की अब्बांच्या वयाची माणसे दोन चादरींत कुडकुडत होती. अंगावर ब्लँकेट घ्यायला हरकत नाही, फक्त डोके आणि चेहरा झाकायचा नाही, हे मौलानांनी समजावले तेव्हा कुठे त्यांनी ब्लँकेट घेतली. बाकीच्यांनी साध्या कपड्यांत खाल्ले-प्याले, झोप काढली, रात्री साडेबाराला शांतपणे गुसल-वजू करून मस्कतलाच चादरी बांधल्या. मला ही दुसरी पद्धत मोठा थांबा असलेल्या प्रवासाला अधिक सोयीची वाटते. आपापल्या इमामसाहेबांना विचारून ठरवावे. मात्र त्यासाठी चादरी हातातल्या पिशवीत हव्यात. एका तरुणाच्या त्या मोठ्या बॅगेत गेल्या होत्या. सुदानच्या आजोबांकडे एक जास्तीची जोडी निघाली, ती त्याला मिळाली. बेदाणे असे फळाला आले.

बहिणींसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण ती विचारायला संकोच वाटतो. हैजचे दिवस असले तरी इहरामची नियत मीकातपूर्वी करायचीच. तलबिया म्हणता येते, दुआ-जिक्र करता येते. तवाफ पाक झाल्यावर. मुली विमानतळाच्या कोपऱ्यात रडत बसतात की आपला उमरा गेला. उमरा कुठे जात नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते. आमच्या गल्लीतल्या एक दादी गटात होत्या. वय चौऱ्याहत्तर, रक्तदाब आणि साखर दोन्ही. रात्री नऊच्या सुमारास मी सगळ्यांना पाणी विचारत फिरत होते. दादींची बाटली भरलेली. दुसऱ्यांदा फिरले तरी तेवढीच भरलेली. ओठ सुकलेले, बोलणे मंदावलेले. बाजूला बसून विचारले तेव्हा हळूच म्हणाल्या, “पानी पिया तो जाना पडता, बेटी. वो कुर्सीवाले संडास में मेरेकू बैठने नई आता. और दरवाजा बंद हो गया तो?” पुणे सोडल्यापासून त्यांनी घोटभर पाण्यावर काढले होते. त्याआधीही बेतानेच. म्हणजे जवळजवळ वीस तास.

मी त्यांना घेऊन गेले. दाराची कडी कशी लागते आणि कशी निघते ते दोनदा करून दाखवले, दार लोटून बाहेर उभी राहिले, आतून त्या दर अर्ध्या मिनिटाला “है ना?” विचारत होत्या आणि मी “हूँ” म्हणत होते. बाहेर आल्या आणि अर्धी बाटली पाणी प्यायल्या. मग मी इतर बायकांना विचारले. सात जणींनी तेच केले होते. कोणी तक्रार केली नव्हती. आपल्या आया-सासवा प्रवासात तक्रार करत नाहीत, पाणी बंद करतात. सुनेला सांगायची लाज, मुलाला तर नाहीच. साखरेच्या माणसाने, म्हातारपणी, इतके तास पाण्यावाचून आणि एका जागी पाय लोंबकळत बसून राहणे किती धोक्याचे आहे हे कोणताही डॉक्टर सांगेल. पायांत रक्ताची गाठ होण्याची भीती असते, चक्कर येते. आणि पुढे तवाफ-सई चालत करायची असते. दर तासाला उठून चार पावले चालणे आणि थोडे-थोडे पाणी पिणे हाच त्यावरचा उपाय, आणि तो फुकट आहे.

व्हीलचेअरचेही सांगते. ती विमान कंपनीकडून मोफत मिळते, पण तिकीट काढतानाच किंवा निदान दोन दिवस आधी नोंदवावी लागते. लोक म्हणतात, अब्बा चालतात की, कशाला अपंग म्हणून लिहायचे. अब्बा पलूसच्या बाजारात चालतात. उतरल्या दारापासून पुढच्या दारापर्यंतचे लांबलचक फाटे वेगळे. एक लक्षात ठेवावे: मध्येच थांबा असला की खुर्चीवरच्या प्रवाशांना अनेक ठिकाणी वेगळ्या जागी नेऊन बसवतात. सोबतचे एक माणूस त्यांच्याजवळच हवे, नाहीतर नऊ तास ते एकीकडे आणि गट दुसरीकडे.

आपल्याकडे हदीस आहे की तिघे जण सफरला निघाले तर त्यांनी एकाला अमीर करावे. आमचा अमीर टूरवाला होता, पण तो तिकिटांच्या मागे पळत होता. म्हणून मस्कतला बायकांनी आपली एक अमीर निवडली, तासगावच्या निवृत्त नर्सताई. दोघी-दोघींच्या जोड्या लावल्या. दर तासाला हजेरी, शाळेसारखी, नाव न घेता आकडा म्हणून. (चाळीस पोरांची हजेरी दोन मिनिटांत होते, बारा बायकांची दहा मिनिटांत, कारण प्रत्येकीला मध्येच काहीतरी आठवते.)

हजेरीनंतर सईचा प्रश्न निघाला. कुंडलच्या एक खाला म्हणाल्या, सफाहून मरवाला जाऊन परत आले की एक फेरी ना? निम्म्या बायकांना तसेच वाटत होते. दोन बाटल्या खुर्चीवर ठेवल्या, एक सफा, एक मरवा, आणि बेदाण्याच्या डबीचे झाकण फिरवून दाखवले. सफाहून मरवा, एक. मरवाहून सफा, दोन. सातवी मरवावर संपते. सात फेऱ्या मिळून तीन किलोमीटरच्या आसपास चाल आहे. दुप्पट मोजणारा गुडघ्याने बसेल. खालांनी स्वतः झाकण घेऊन सात वेळा फिरवले. मग बीबी हाजराचा विषय निघाला. निर्जन दरीत तान्ह्या बाळाला घेऊन राहिलेली, पाणी संपलेले, दोन टेकड्यांमध्ये धावणारी आई. हे सगळ्यांनी शंभर वेळा ऐकलेले. पण पाण्याची बाटली हातात घेऊन ते ऐकताना दादी रडल्या.

पडदा वाचण्याचा प्रश्न त्यांनीच सोडवला. मी कागदावर आमच्या विमानाचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून एकेकीला ओळखायला शिकवत होते. आकडे येत होते, एबीसीडी येत नव्हती. तेवढ्यात पडद्यावरची इंग्रजी जाऊन अरबी आली. दादी चष्मा वर करून बघत राहिल्या. “जीम, दाल, गोल ते…” आणि मग एकदम, “जद्दा! ये तो अपना जद्दा लिखेला है!” शाळेचे तोंड न पाहिलेली बाई, पण साठ वर्षे रोज कुरआन वाचणारी. जेर-जबर नसतानाही शब्द लागला. त्यानंतर पडदा बदलला की बायका अरबीची वाट पाहायच्या आणि शहरांची नावे शोधायच्या. मदीना सापडल्यावर तर कोणी जागेवर बसेना. माझ्या एकवीस वर्षांच्या नोकरीत इतका उत्सुक वर्ग मला मिळालेला नाही.

आमच्या गावातले एक बुजुर्ग जहाजाने हजला गेले होते. ते म्हणतात, तुमचे नऊ तास म्हणजे काय! मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात त्यांनी जहाजाची वाट पाहत आठवडा काढला. स्टोव्हवर जेवण, गॅलरीत झोप, आणि रोज संध्याकाळी कोणीतरी हजचे मसले सांगायचे. जहाज यलमलमच्या समोर आले की भोंगा वाजायचा आणि सगळे इहराममध्ये येत. समुद्रमार्गे हज १९९५ मध्ये बंद झाला. त्याही आधीचे दिवस फार कठीण होते. मुंबईच्या रस्त्यांवर हाजी पडून राहायचे, तिकिटांचे दलाल लुबाडायचे. म्हणून इंग्रज सरकारने १८८६ मध्ये हाजींच्या प्रवासाची व्यवस्था थॉमस कुक कंपनीकडे दिली, ती १८९३ पर्यंत चालली. आणि येमेनच्या किनाऱ्याजवळच्या कामरान बेटावर १८८२ पासून रोगराईच्या भीतीने हाजींची जहाजे अडवून लोकांना दिवसेंदिवस उतरवून ठेवले जाई. थांबा तेव्हाही होताच. फरक असा की जुने हाजी ते दिवस शिकण्यात घालवीत. सोबत मसल्यांची पुस्तके आणि जाणकार असत. आपल्या आजच्या गटात प्रत्येकाजवळ मोबाईल असतो आणि त्याला चार्जिंगची जागा सापडत नाही. काही ठिकाणी वायफायसाठी मोबाईलवर नंबर मागवावा लागतो आणि भारतातले सिम तिथे बंद असते, म्हणजे तोही मार्ग खुंटतो. हज-उमऱ्याचे मसले छापील पुस्तकात जवळ असावेत ते यासाठी.

परदेशात असलेल्या आपल्या मुलांसाठी एक माहिती. २०२३ च्या जानेवारीत सौदीने वाटेत थांबणाऱ्या प्रवाशांसाठी ९६ तासांचा व्हिसा सुरू केला. सौदिया किंवा फ्लायनासच्या तिकिटाबरोबर तो मिळतो आणि त्यावर उमरा करता येतो. युरोप-अमेरिकेतून गावी येणाऱ्यांनी तिकीट काढताना हे पाहावे. नियम बदलत असतात, म्हणून त्या वेळचे नियम तपासावेत. मस्कतसारख्या ठिकाणी मात्र व्हिसा नसेल तर विमानतळाबाहेर पडता येत नाही. आमच्यातल्या दोघा तरुणांना समुद्र पाहायचा होता. काचेतून त्यांनी विमाने पाहिली.

परतीच्या वाटेवर तोच थांबा पुन्हा असतो, आणि तेव्हा कोणाचे तिकडे लक्ष नसते. थकवा, सर्दी, खजुराची ओझी. परतीला इहराम नसतो, तेव्हा पुरुषांनी चामडी मोजे घालून निघावे. मुसाफिराला त्यावर तीन दिवस-रात्री मसह करता येतो, बेसिनमध्ये पाय वर करण्याची कसरत वाचते. जमजम मोठ्या बॅगेत कोंबू नये, विमानतळावर त्याचा वेगळा बंद खोका मिळतो. आणि मुसाफिराची दुआ कबूल होते असे हदीसमध्ये आले आहे. ती सवलत परतीच्या थांब्यालाही आहेच. दादींनी परतताना मस्कतच्या खुर्चीवर बसून गल्लीतल्या एकेका घराचे नाव घेऊन दुआ मागितली. आमच्या घराची पाळी आली तेव्हा मी झोपल्याचे सोंग केले.

पुढचा गट शाबानमध्ये निघतोय, व्हाया कुवेत, थांबा सात तासांचा. रविवारी दुपारी जोहरनंतर बायका माझ्याकडे जमतात. शेजारच्या नव्या इमारतीत कमोड आणि आतून लागणाऱ्या कडीचे दार आहे. घरमालकिणीने ते तासभर आमच्यासाठी उघडे ठेवायचे कबूल केले आहे. पहिला धडा तिथे होतो. दुसरा धडा दादी घेतात. पाटीवर खडूने जेर-जबर न लावता शहरांची नावे लिहितात. मागच्या रविवारी त्यांनी ‘कुवेत’ लिहिले आणि सगळ्यांकडून वाचून घेतल्याशिवाय चहा येऊ दिला नाही.